काकांनी विंडोज परत का मारून घेतली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात, कॉलेजात मुक्त सॉफ्टवेअरचा (ज्याचा मूळ प्रोग्राम कुणालाही बघता, बदलता आणि वाटता येतो) विचार मनापासून पटला आणि घरच्यांना पटवायला निघालात. काकांच्या छापखान्यातल्या संगणकावर विंडोज काढून लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली, त्यांनी पंधरा दिवसांत दुकानदाराला बोलावून विंडोज परत मारून घेतली. बहिणीला सिग्नल हे निरोपांचं मुक्त अॅप घ्यायला लावलं, ती आठवडाभरात व्हॉट्सअॅपवर परतली. मित्र म्हणाले, "फुकट चालतंय ना, मग कशाला डोकं लावतोस?" आणि आता तुम्ही विचारताय की आपल्या लोकांना स्वातंत्र्याची काही किंमतच नाही का.

मी सातारा-कराड भागात छोटी कार्यालयं, शाळा, छापखाने आणि कर सल्लागार यांचे संगणक सांभाळतो. माझा स्वतःचा संगणक कित्येक वर्षं डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर चालतो. गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांकडे मात्र विंडोज आहे आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ती मीच टाकून दिलेली आहे. म्हणजे मी तुमच्याच बाजूचा आहे, पण मला उद्या सकाळी त्यांचा फोन उचलायचा असतो.

किंमत आहे की नाही हे ठरवण्याआधी एक बघा: मुक्त सॉफ्टवेअर जे हक्क देतं, ते हातात नसल्यामुळे काकांचं नेमकं कधी आणि काय अडतं? याचं उत्तर सापडलं की बाकीचं बरंचसं उलगडतं.

ही चळवळ सुरू कशी झाली ते आठवा. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सने दिलेला नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरला तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी एक सोय करून ठेवली होती: कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांना संगणकावर सूचना जायची. नव्या प्रिंटरला तीच सोय करायची तर मूळ प्रोग्राम हवा, आणि तो मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता त्याने गोपनीयतेचा करार केलेला, म्हणून त्याने नकार दिला. स्टॉलमन यांच्या या चिडीतून पुढे १९८३ मध्ये मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बांधायच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा झाली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं.

ही गोष्ट सगळे चळवळीचा उगम म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. हा संताप दुरुस्ती येत असणाऱ्या माणसाचा आहे. त्या प्रिंटरपाशी तुमचे काका असते तर उठून गेले असते, झाकण उघडून कागद ओढून काढला असता आणि कंपनीला चार शिव्या घालून परत खुर्चीत बसले असते. आपल्याला दुरुस्त करू दिलं नाही हा अपमान ज्याला दुरुस्त करता येतं त्यालाच होतो. चळवळीचे सगळे युक्तिवाद अशा माणसाच्या नजरेतून मांडलेले आहेत. ते चुकीचे नाहीत, पण दुसऱ्या कुणाच्या कानात घातले की पोकळ वाजतात.

आता ते चार हक्क घ्या: कुठल्याही कामासाठी प्रोग्राम चालवण्याचा, तो कसा चालतो ते पाहून बदलण्याचा, प्रती वाटण्याचा आणि बदललेल्या प्रती वाटण्याचा. आपल्याकडे पहिला आणि तिसरा हक्क लोकांनी केव्हाच परस्पर घेऊन टाकला. असेंबल केलेल्या पीसीबरोबर क्रॅक केलेली विंडोज, ऑफिस, फोटोशॉप आणि कोरल हे सगळं 'आतच' यायचं. पेनड्राइव्हवर एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायचं. कुणाला परवाना म्हणजे काय हे विचारायची गरज पडली नाही. कायद्याने ते चूक होतं, आजही आहे, पण माणसाच्या अनुभवात अडकाठी कुठेच नव्हती. त्यामुळे तुम्ही मुक्त सॉफ्टवेअर घेऊन गेलात तेव्हा त्यांना नव्याने देण्यासारखे दोनच हक्क तुमच्या हातात होते, बदलण्याचे, आणि ते वापरायला प्रोग्रामिंग यावं लागतं. अमेरिकेत किंवा युरोपात निदान 'पैसे वाचतील' एवढं तरी सांगता येतं. आपल्याकडे लिनक्सची खरी स्पर्धा बिल गेट्सच्या किमतीशी कधी नव्हतीच, ती कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणाऱ्या अॅक्टिव्हेटरशी होती.

मग बदलण्याचा हक्क सामान्य माणसाला निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. फक्त तो त्याच्या वतीने दुसरं कुणीतरी वापरतं. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली आणि सनच्या ओपनऑफिस या मुक्त ऑफिस संचाचं पुढे काय होणार याची धास्ती पडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी सगळा प्रोग्राम उचलून लिब्रेऑफिस नावाने वेगळा संसार थाटला. परवाना मुक्त होता म्हणूनच हे करता आलं. माझ्याकडच्या एका शाळेतल्या बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. आयकॉन बदलला, फाइली तशाच उघडल्या, निकालपत्रकं वेळेत निघाली. त्यांचा चौथा हक्क त्यांना न कळता वापरला गेला आणि फायदा त्यांना झाला. व्हिडिओ दाखवणाऱ्या व्हीएलसीचंही तसंच. ज्या घरात मुक्त सॉफ्टवेअरचं नाव कुणी ऐकलेलं नाही, तिथेही लग्नाची सीडी त्या नारिंगी शंकूच्या चिन्हावर टिचकी मारूनच बघतात. कळायलाच हवं असा आग्रह आपण का धरतो, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

आता काकांच्या छापखान्याकडे येऊ. इथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, कारण मराठी छपाईइतकं बंदिस्तपणाचं ढळढळीत उदाहरण दुसरं सापडणार नाही.

युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधी मराठी फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा असायच्या. आपल्या जोडाक्षरांना, मात्रांना, रफारांना त्या पुरायच्या नाहीत. म्हणून प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने आकारांचे तुकडे करून त्या जागांवर बसवले. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, प्रत्येकाची मांडणी निराळी. ही सॉफ्टवेअर नसती तर मराठी प्रकाशन संगणकावर आलंच नसतं, हे आधी कबूल करायला हवं. पण परिणाम असा झाला की फाइलमध्ये 'क' हे अक्षर म्हणून साठवलेलंच नसायचं, साठवला जायचा त्या कंपनीच्या तक्त्यातला एक क्रमांक. फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. वर बऱ्याच सॉफ्टवेअरना डोंगल, म्हणजे संगणकाला खोचायची किल्ली, लागायचं. डोंगल हरवलं, बिघडलं किंवा नव्या विंडोजवर चालेनासं झालं की स्वतःच लिहिलेला मजकूर स्वतःलाच वाचता येत नाही. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत १९९१ मध्येच देवनागरी होती, तरी कित्येक छापखान्यांत आजही जुन्याच फाँटवर काम चालतं.

म्हणजे काकांवर आयुष्यभर नेमका तोच अन्याय होत आलाय ज्याबद्दल स्टॉलमन बोलतात. तरीही त्यांनी तुमचं लिनक्स काढून टाकलं, कारण त्या अन्यायावरचा इलाज तुम्ही दिलेल्या यंत्रात नव्हता. त्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, पावती पुस्तकं आणि अहवाल कोरल आणि पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये पडून असणार. कोरल लिनक्सवर चालत नाही. (गंमत म्हणजे १९९९-२००० मध्ये कोरल कंपनीने स्वतःचं लिनक्स आणि लिनक्सवरचं कोरल दोन्ही काढलं होतं, लवकरच गुंडाळलंही.) मुक्त पर्याय म्हणून आपण पानं मांडायचा स्क्रायबस हा प्रोग्राम सुचवतो, पण त्याच्या १.४ मालिकेत देवनागरी जोडाक्षरं सरळ मोडून यायची. ती सुधारली १.५ मध्ये, आणि तोवर एक पिढी 'मराठी नीट येत नाही' म्हणून तिथून निघून गेली होती. ऑपरेटरची बोटं ठरावीक कळफलकाला सरावलेली असतात. लग्नसराईत संध्याकाळी पाच वाजता पत्रिकेचं प्रूफ द्यायचं असतं. अशा वेळी स्वातंत्र्यावरचं व्याख्यान ऐकायला कोण थांबेल?

काकांशी बोलायचं असेल तर २००५ ची एखादी फाइल उघडून दाखवा म्हणावं. उघडली नाही तर तिथून बोलणं सुरू करा. जुना संगणक डोंगलसकट आहे तसा राहू द्या, फक्त त्याचं इंटरनेट काढा. त्यातला कामाचा मजकूर थोडा थोडा युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, मात्र रफार आणि अर्धी अक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. नवं काम युनिकोडमध्ये करा, भले विंडोजवर करा. फाँट मुक्त परवान्याचे वापरा. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू घ्या, बलू तर निम्म्या फ्लेक्सवर असतो आणि त्याचा परवाना कुणी वाचलेला नसतो. पुण्यात रेड हॅटच्या लोकांनी ज्यावर काम केलं तो लोहित घ्या. एवढं झालं की काकांचा मजकूर कुठल्याही कंपनीच्या तक्त्यातून सुटला. ऑपरेटिंग सिस्टीम कुठली हा प्रश्न त्यानंतर पाच वर्षांनी विचारला तरी चालेल. माझ्या मते फाइलीचं स्वातंत्र्य आधी, प्रोग्रामचं नंतर. कट्टर मंडळींना हा क्रम आवडत नाही, पण छापखान्यात तोच टिकतो.

इतर धंद्यांचं थोडक्यात सांगतो. कर सल्लागाराकडे हिशेबाचं टॅली असतं आणि ते फक्त विंडोजसाठी आहे. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालू करायला माझ्यासारख्याचीही संध्याकाळ जाते, आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला ती संध्याकाळ नसते. अशा माणसाला मी लिनक्स सुचवतच नाही.

बहिणीची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे दोष सॉफ्टवेअरचा नव्हताच. सिग्नल उत्तम चालतं. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपने नव्या गोपनीयता धोरणाची सूचना पाठवली, तेव्हा सिग्नलवर इतकी झुंबड उडाली की त्यांची सेवा काही काळ बंद पडली होती. त्यात आपल्याकडचे लोकही भरपूर होते. म्हणजे लोकांना फिकीर नाही हे खरं नाही, त्या आठवड्यात ती अगदी उघड दिसली. पण सोसायटीचा ग्रुप, मुलाच्या वर्गाचा ग्रुप, माहेरचा ग्रुप आणि दूधवाल्याचा हिशेब जिथे होता तिथेच राहिला. बहीण अॅप निवडत नव्हती, माणसं निवडत होती. तिने एकटीने हलायचं म्हणजे वर्गाच्या सहलीची सूचना चुकवायची. हा निर्णय एकट्याने घेण्यासारखा नसतो, म्हणून त्यावरून एकट्याची परीक्षाही करू नये.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलंय, की लोकांना स्वातंत्र्य हवं असेल तर ते आपण म्हणतो तेच. शेतीत बघा. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाण करण्याचा हक्क दिला, फक्त ब्रँडच्या नावाने ते विकता येत नाही. तरी विदर्भातला कापूस उत्पादक दरवर्षी दुकानातून संकरित पाकीट घेतो, कारण संकरित वाणाचं राखलेलं बियाणं तसं पीक देत नाही. आणि जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने मान्यता नसलेलं तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं, तेव्हा मागणी होती तंत्रज्ञान वापरायच्या स्वातंत्र्याची. त्यांना कंपनीचं गुपित नको होतं, तण काढायची मजुरी वाचवणारं वाण हवं होतं. ते बरोबर की चूक यावर वाद घाला. पण कामाचं हत्यार वापरू द्या हेही स्वातंत्र्यच, आणि तुमचे काका त्याच अर्थाने स्वतंत्र राहू बघताहेत.

इथवर मुद्दा असा झाला: हक्क खरे आहेत, पण ते सामान्य माणसापर्यंत कुणाच्या तरी हातून पोचतात. तो हात जवळ असेल तर लोक बिनतक्रार मुक्त सॉफ्टवेअर वापरतात, नसेल तर कितीही पटलं तरी सोडून देतात. माझ्या अनुभवात याला अपवाद फार थोडे.

केरळ याचं सर्वात मोठं उदाहरण. तिथल्या आयटी अॅट स्कूल प्रकल्पाने २००० च्या दशकात सरकारी शाळांमधलं संगणक शिक्षण ग्नू-लिनक्सवर नेलं. २०१७ पासून तोच प्रकल्प काइट या नावाने चालतो. तिथल्या शिक्षकांनी जाहीरनामे पाठ केले म्हणून ते जमलं असं नाही. पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर बेतली, शिक्षकांना शिकवणारे शिक्षक तयार केले, शाळांसाठी स्वतःची लिनक्सची आवृत्ती बांधली, आणि मल्याळम अक्षरं नीट दिसावीत म्हणून स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंगचे स्वयंसेवक वर्षानुवर्षं फाँटवर खपले. पडद्यावर मल्याळम मोडून आलं तर ते कुणाला सांगायचं हे शिक्षकाला ठाऊक होतं. आपल्याकडे त्याच काळात एमएस-सीआयटी आलं. गावोगाव लाखो लोक त्यातून संगणकाला हात लावायला शिकले, हे मोठं काम आहे. पण शिकले ते विंडोज आणि एमएस ऑफिस, आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागतं म्हटल्यावर 'संगणक येतो' याचा अर्थच तो ठरला. अशा माणसापुढे वेगळा मेनू ठेवला की त्याला वाटतं, आपल्याला येत होतं ते कुणीतरी काढून घेतलं.

लोक कधी ऐकतात तेही सांगतो. काहीतरी हातातून जातं तेव्हा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो, आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर बाद. धडधाकट संगणक 'चालणार नाही' म्हणून सांगितल्यावर ज्यांनी मला आजवर कधी काही विचारलं नव्हतं तेही लोक 'ते तुमचं दुसरं टाकून बघू' म्हणायला लागले. मोठ्या पातळीवर बघायचं तर जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. मुंबईत मुख्यालय असलेली ही तेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पूर्ववत झाल्या. दुसऱ्याच्या हातात किल्ली असणं म्हणजे काय, हे तेव्हा टायवाल्या लोकांनाही कळलं. अशा वेळी तयार राहा, पण 'मी सांगत होतो ना' म्हणू नका. त्या एका वाक्याने गिऱ्हाईक जातं.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही स्पष्ट करतो. ज्याचं काम ब्राउझर, ईमेल आणि थोडं टायपिंग एवढंच आहे, त्याला लिनक्स आजही सुखाने देता येतं. ज्याच्या वरिष्ठ कार्यालयातून वर्डचे ठरावीक नमुने येतात, त्याच्याकडे लिब्रेऑफिसमध्ये तक्ता एका ओळीने सरकला तरी बोलणी बसतात. आणि फोनबाबत माझ्याकडे दिलासा देण्यासारखं फारसं नाही. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, पण फोनवर स्वतःची मुक्त प्रणाली टाकली की बँकेची आणि पैसे पाठवायची काही अॅप्स चालायला नकार देतात. जिथे भाजीवालाही क्यूआर कोड लावून बसतो तिथे ही किंमत सामान्य माणसाला परवडत नाही, आणि ती त्याने मोजावी असं मी म्हणणार नाही. तिथे भांडायचं तर बँकांशी आणि नियामकांशी भांडायला हवं.

म्हणून तुमचा जोर कुठे लावायचा ते सांगतो. घरातल्या प्रत्येकाला पटवायचं सोडून द्या. त्यांच्या विंडोजवरच फायरफॉक्स, व्हीएलसी आणि लिब्रेऑफिस टाका, फाइली जिथे जमेल तिथे खुल्या स्वरूपात ठेवायला लावा. मग ज्यांच्या हातून इतरांचे संगणक चालतात त्यांच्याकडे जा: असेंबल करणारा दुकानदार, डीटीपी ऑपरेटर, वाचनालयाचा ग्रंथपाल, शाळेतले संगणकाचे सर. त्यांना आदर्शाबद्दल ऐकायला वेळ असतो, कारण फाइल न उघडण्याचा, परवाना संपण्याचा त्रास रोज त्यांच्याच डोक्यावर बसतो. एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जुने संगणक धूळ खात पडले असतील तर तिथून सुरुवात करा. मात्र लिनक्सचा पेनड्राइव्ह खिशातून काढण्याआधी सरांना एवढंच विचारा, की संगणक बंद पडला तर तुम्ही फोन कुणाला करता. त्या माणसालाही पहिल्या दिवशी बोलावून घ्या. असा कुणी नसेल तर तुमचा नंबर द्या, पण तिसरं वर्ष संपल्यावरही तो उचलणार असाल तरच.